सीमेवर टिकणारी पदवी

(भालकी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



भारतीय उच्च शिक्षण आंतरराष्ट्रीय दर्जाचे कसे करायचे, हा विषय संयोजकांनी मला दिला. या विषयावर दिल्लीत, बंगळुरूत, मुंबईत रोज परिषदा होतात. तिथे बोलण्यापेक्षा इथे बोलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कारण शिक्षणाचा दर्जा राजधानीत ठरत असला, तरी त्याची परीक्षा सीमेवर होते, आणि आपण कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवर राहतो.

मी आयुष्यभर पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवले. दरवर्षी जून महिन्यात पालक यायचे आणि त्यांचा एकच प्रश्न असायचा : ‘सर, हे तिकडं चालंल का?’ इथली पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, उदगीरला चालेल का? उदगीरची पदवी कलबुर्गीला एम. ए. साठी चालेल का? इथला जातीचा दाखला लातूरला चालेल का? आंतरराष्ट्रीय दर्जाची जेवढी भाषणे मी ऐकली, जेवढे अहवाल वाचले, त्या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. टोकियोच्या विद्यापीठाने पुण्याची पदवी मानावी की नाही, हा प्रश्न आणि उदगीरच्या महाविद्यालयाने भालकीच्या मुलाचे एक वर्ष मानावे की नाही, हा प्रश्न एकाच जातीचा आहे. एका ठिकाणी केलेला अभ्यास दुसऱ्या ठिकाणी विश्वासाने मोजला जाणे, याला मी दर्जा म्हणतो. आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचे सगळे त्याचे पुरावे आहेत.

भालकीच्या मुलाला पीयूसीनंतर उदगीरला जायचे आहे, असे समजा. रेल्वेने मध्ये कमलनगर लागते, की आलेच उदगीर. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. पण त्या मुलाच्या हातातली फाईल बघा. गुणपत्रक, कॉलेज सोडल्याचा दाखला, बोर्डाचे मायग्रेशन, मग विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र आणि त्याची वेगळी फी. मुलगा अनुसूचित जातीचा असेल, तर कर्नाटकातला दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी उपयोगी पडत नाही. वडील शेतात, मुलगा झेरॉक्सच्या दुकानात, आणि प्रवेशाची मुदत संपत आलेली. घरातले पहिलेच पोर कॉलेजात जात असेल, तर या फाईलपाशीच कितीतरी घरे हरतात. मुलींच्या बाबतीत तर ‘जाऊ दे, इथंच बी. ए. कर’ हा निर्णय दोन दिवसांत होतो.

आता या फाईलमध्ये एका नव्या गोंधळाची भर पडली आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण देशात सगळ्यांत आधी कर्नाटकाने लागू केले. २०२१-२२ पासून चार वर्षांची ऑनर्स पदवी आली. सरकार बदलले. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा स्वतंत्र शिक्षण आयोग नेमला गेला आणि त्याच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. नेमक्या त्याच वर्षी महाराष्ट्राने सगळ्या महाविद्यालयांत चार वर्षांची रचना आणली. म्हणजे एका बाजूने चौथे वर्ष निघून गेले आणि दुसऱ्या बाजूला ते आले. कर्नाटकात त्या मधल्या तीन तुकड्यांतून गेलेली मुले आज कामाला लागली आहेत किंवा एम. ए. च्या वर्गात आहेत. त्यांना विचारा, तुमच्यासाठी नियम कोणता, हे तुम्हांला कोणी वेळेवर सांगितले का?

तीन वर्षे बरोबर की चार, या वादात मी पडत नाही. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गरीब घराला चौथ्या वर्षाचा खर्च जड जातो, हे थोरात आयोगाचे म्हणणे मला पटते. संशोधनाकडे जाणाऱ्या मुलाला चौथे वर्ष उपयोगी पडते, हेही खरे आहे. पण चार वर्षे म्हणजे आंतरराष्ट्रीय, असे जे सांगितले गेले ते खरे नाही. अमेरिकेत पदवी चार वर्षांची असते, इंग्लंडमध्ये तीन वर्षांची, आणि युरोपातल्या बहुतेक देशांत तीन वर्षांची पदवी नि पुढे दोन वर्षांचे एम. ए. असते. ऑक्सफर्डची पदवी तीन वर्षांची आहे म्हणून तिला जगात कोणी नाकारत नाही. वर्षे मोजून दर्जा कळत नाही.

युरोपने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९ जून १९९९ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. या देशांच्या भाषा वेगळ्या, परीक्षापद्धती वेगळ्या, आणि कित्येकांनी एकमेकांशी दोन महायुद्धे लढलेली. त्यांनी सगळ्यांचा अभ्यासक्रम एक केला नाही. विद्यार्थ्याने किती अभ्यास केला, हे मोजण्याची पद्धत मात्र सगळ्यांनी मिळून ठरवली. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, म्हणजे साधारण १५०० ते १८०० तासांचे काम. त्यात वर्गातले तास आले, ग्रंथालय आले, घरचे वाचन आले. मंत्री बदलले, सरकारे बदलली, पण दर दोन-तीन वर्षांनी ही मंडळी पुन्हा बसली आणि पुढचे पाऊल ठरवले. २९ चे आता जवळपास पन्नास देश झाले आहेत.

त्याआधी दोन वर्षे, १९९७ मध्ये, लिस्बनला एक करार झाला. त्यातले एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते. दुसऱ्या देशातला अभ्यास मान्य करणे हा नियम, आणि तो नाकारायचा असेल तर मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने सिद्ध करायचे. आपल्याकडे नेमके उलटे आहे. मी पात्र आहे, हे त्या मुलाने फाईल घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर सिद्ध करत राहायचे. ओझे कोणाच्या खांद्यावर, एवढाच फरक. पण एका पिढीचे आयुष्य त्यावर ठरते.

आपल्याकडे साधन नाही असेही नाही. २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट, १२०० तास असे माप ठरले आहे. विद्यार्थ्याचे क्रेडिट त्याच्या खात्यात जमा होते आणि देशात कुठेही दिसते. पण दिसणे वेगळे आणि घेतले जाणे वेगळे. समोरच्या विद्यापीठाने ते स्वीकारायला हवे. परदेशातल्या पदवीची समकक्षता कशी ठरवायची, याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये काढले, हे चांगलेच झाले. तसाच जिव्हाळा कमलनगर आणि उदगीरच्या मधल्या सीमेबद्दल का दाखवला जाऊ नये?

मित्रहो, ज्या मातीवर आपण बसलो आहोत, तिला आंतरराष्ट्रीय हा प्रकार नवा नाही. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्यांच्या काळात, विक्रमादित्य सहावा गादीवर असताना, विज्ञानेश्वराने इथेच ‘मिताक्षरा’ लिहिली. बंगाल वगळता जवळजवळ सगळ्या भारतात वारसाहक्काचा निवाडा शतकानुशतके त्या ग्रंथावरून झाला. इंग्रजांच्या न्यायालयांनीही तोच प्रमाण मानला. काश्मीरचा बिल्हण कवी फिरत फिरत कल्याणीला आला आणि इथे राजकवी झाला. कल्याणीचा दर्जा कोणत्या क्रमवारीने ठरवला नव्हता. दूरदूरचे विद्वान इथे येत आणि इथले ग्रंथ दूरदूर जात.

कलबुर्गी जिल्ह्यात चित्तापूरजवळ नागावी आहे. तिथला १०५८ सालचा एक शिलालेख अभ्यासकांना चांगला माहीत आहे. चालुक्यांचा सेनापती मधुसूदन याने तिथे घटिकास्थान, म्हणजे विद्यापीठच, उभारल्याची ती नोंद आहे. वेद शिकणारे दोनशे विद्यार्थी, शास्त्रे शिकणारे पन्नासच्या आसपास, वेदांचे तीन आणि शास्त्रांचे तीन अध्यापक. आणि त्यांच्या जोडीला सहा सरस्वती-भांडारिक, म्हणजे ग्रंथपाल. या सगळ्यांच्या निर्वाहासाठी जमिनी दान दिलेल्या. अडीचशे विद्यार्थ्यांमागे सहा अध्यापक आणि सहा ग्रंथपाल! ग्रंथ सांभाळणाऱ्याला शिकवणाऱ्याच्या बरोबरीने मोजणारी संस्था या भागात साडेनऊशे वर्षांपूर्वी होती. आज आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात जा आणि ग्रंथालयाचे दार किती वाजता उघडते ते पाहा. ग्रंथपालाची जागा भरली आहे का, की कारकूनच चावी सांभाळतो, हेही विचारा.

त्यानंतर बीदर. महमूद गवान इराणच्या गिलान प्रांतातून आला, बहमनी राज्याचा वजीर झाला आणि १४७२ मध्ये त्याने मदरसा बांधला. तीन मजले, दर्शनी भागावर निळ्या-हिरव्या फरशांचे नक्षीकाम, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, मशीद, व्याख्यानाची दालने आणि तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय. इराण, मध्य आशियातले विद्वान शिकवायला यावेत म्हणून त्याने पत्रे लिहिली. कवी जामीशी त्याचा पत्रव्यवहार होता. जामी आला नाही, पण दुसरे आले. आज ज्याला आंतरराष्ट्रीय प्राध्यापक, निवासी विद्यापीठ म्हणतात, ते बीदरला होते. पण १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने गवानला ठार मारले, आणि पुढे राज्यच फुटले. संस्था एका माणसाच्या आणि एका दरबाराच्या बळावर उभी असली की हेच होते. १६९६ मध्ये मोगलांच्या ताब्यात असताना तिथे दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि अर्धी इमारत उडाली. राहिलेला मिनार आजही उभा आहे, आणि आपली मुले तिथे सहलीला जातात. गवानाच्या उंचीइतकेच त्याच्या मदरशाचा शेवटही आपण मुलांना शिकवला पाहिजे. धोरण सत्तेबरोबर बदलू लागले की विद्यापीठाचे पाय उखडतात.

यानंतरचे एक उदाहरण याच प्रदेशाचे आहे. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. भारतीय भाषेतून, उर्दूतून, विज्ञान, वैद्यक, कायदा शिकवणारे ते पहिलेच मोठे विद्यापीठ. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र कार्यालय काढून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. ते काम थोर होते, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण मराठवाडा, कर्नाटक आणि तेलंगण या प्रदेशांतल्या बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा ती नव्हती. आपल्या भागात तर त्याआधीच, १९०७ मध्ये, गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, नूतन विद्यालयासारखी शाळा काढावी लागली होती. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. त्याचे पडसाद औरंगाबाद, गुलबर्ग्याच्या महाविद्यालयांतही उमटले. वर्ष वाया जाणार, पदवी जाणार, अशी अवस्था. तेव्हा नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, या मुलांना प्रवेश दिला. दुसऱ्या राज्यातली, दुसऱ्या माध्यमातून शिकलेली, शिक्षा झालेली मुले. त्यांचा अभ्यास नागपूरने मानला. त्या मुलांत पी. व्ही. नरसिंह राव होते, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले. लिस्बनचा करार होण्याआधी जवळजवळ साठ वर्षे एका भारतीय विद्यापीठाने तेच तत्त्व पाळले होते. हे धैर्य कायद्याने येत नाही, पण ज्यांच्यापाशी अधिकार आहे त्यांनी ते दाखवले तर पिढ्या घडतात.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. दर्जा तपासण्यासाठी नॅक १९९४ पासून आहे, तिचे मुख्यालय बंगळुरूलाच आहे. तिच्यामुळे महाविद्यालयांना नोंदी ठेवायची सवय लागली, हे मान्य. पण तिची तपासणी करणारी पीअर टीम येण्याच्या आधीचे महिने ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मी एका महाविद्यालयात पाहिले आहे : दोन महिने वर्गात तास नाहीत, प्रत्येक प्राध्यापकाकडे एक ‘क्रायटेरिया’, संध्याकाळपर्यंत फोटो, जिओटॅग, परिपत्रकांच्या प्रती आणि जुन्या कार्यक्रमांचे अहवाल. भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयातली पुस्तके पुसून लावली जातात, मुलांना उत्तरे पाठ करून घेतली जातात. टीम गेली की दुसऱ्या दिवशी वसतिगृहातला दिवा पुन्हा बंद. दर्जा तपासण्याच्या नादात शिकवणे थांबते, हे मला आजही सहन होत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना सीबीआयने लाचेच्या आरोपाखाली अटक केली. ज्या संस्थेच्या शिक्क्यावर सगळा देश विश्वास ठेवतो, तिच्या बाबतीत हे घडले, याचे दुःख प्रत्येक प्रामाणिक प्राध्यापकाला झाले पाहिजे.

इंजिनिअरिंगमध्ये एक गोष्ट बरी झाली. १३ जून २०१४ रोजी भारत इंजिनिअरिंगच्या पदव्या परस्परांना मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. पण त्याचा लाभ प्रत्येक इंजिनिअरिंग पदवीला नाही. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने ज्या अभ्यासक्रमांना टिअर-१ मान्यता दिली, म्हणजे मुख्यतः स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठे, त्यांनाच. बीदर-कलबुर्गीतल्या पालकांनी प्रवेश घेताना प्लेसमेंटचे आकडे विचारावेत, आणि हाही प्रश्न विचारावा : तुमच्या या शाखेला टिअर-१ मान्यता आहे का, आणि कोणत्या वर्षापर्यंत?

सगळ्यांत जड गोष्ट मात्र अध्यापकाची आहे. कर्नाटकातल्या सरकारी प्रथम दर्जा महाविद्यालयांत दहा हजारांहून अधिक अतिथी उपन्यासक शिकवतात. महाराष्ट्रात त्यांनाच तासिका तत्त्वावरचे, सीएचबीचे प्राध्यापक म्हणतात. नाव वेगळे, हाल तेच. पीएच.डी. झालेला, नेट पास झालेला माणूस वर्षाचे काही महिने शिकवतो, सुट्टीत पगार नाही, पुढच्या वर्षी जागा असेल की नाही याची खात्री नाही. २०२३ च्या शेवटी कर्नाटकातल्या अतिथी उपन्यासकांनी कित्येक आठवडे आंदोलन केले, तेव्हा महिन्याला पाच हजारांची वाढ जाहीर झाली. हा माणूस लांब पल्ल्याचा अभ्यासक्रम कसा आखेल? संशोधन कशाच्या जोरावर करेल? रोज बसने हुमनाबादहून बसवकल्याणला जाऊन तास घेणाऱ्या या तरुणांच्या खांद्यावर आपल्या तालुक्यांचे सगळे उच्च शिक्षण उभे आहे. त्यांना कायम केल्याशिवाय आंतरराष्ट्रीय दर्जा हा शब्द उच्चारू नये.

भाषेचेही बोलले पाहिजे. भालकी, औराद, कमलनगर भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा पीयूसीला आला की एकदम इंग्रजीत किंवा कन्नडात पडतो. हुशार मूल वर्षभर गप्प बसते. कन्नडला माझा विरोध नाही; या राज्यात राहायचे तर कन्नड उत्तम आली पाहिजे, आणि आपल्या मुलांना ती घरी-बाजारात येतेच. पण पहिल्या वर्षी पारिभाषिक शब्द मराठी, कन्नड, इंग्रजी या तिन्ही भाषांत देणारी छोटी पुस्तिका, आणि आठवड्याला दोन जादा तास, एवढे प्रत्येक महाविद्यालय करू शकते. त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

आपल्या भागात शिकवण्याची ताकद नाही असे कोणी म्हणू नये. लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, बीदरच्या शाहीन संस्थेतून शेकडो मुले नीटमधून वैद्यकीयला जातात. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात शिक्षकांची, पालकांची, मुलांची जिद्द प्रचंड आहे. पण ती सगळी प्रवेश परीक्षेत संपते. जो मुलगा नीटला लागला नाही, तो बी. एस्सी. ला येतो, आणि आपण त्याला हरलेला समजतो. उच्च शिक्षणाचा खरा दर्जा त्याच मुलाच्या वर्गात ठरणार आहे.

शासनाने काही केले नाही, असेही नाही. १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ झाले, २००९ मध्ये आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आले. ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(जे) मिळाले आणि इथल्या संस्थांत ७० टक्के जागा इथल्या मुलांना राखीव झाल्या. २०२३ मध्ये बीदरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने नव्या विद्यापीठांपैकी बहुतेक बंद करायला सुचवले, बीदरचे त्यातून वाचले. ते केवळ परीक्षा घेणारे कार्यालय होऊ नये, ही जबाबदारी आता आपल्या सगळ्यांची आहे.

म्हणून माझी मागणी बीदर विद्यापीठाच्या आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे आहे. उदगीर नांदेडच्या कक्षेत, भालकी बीदरच्या. दोघांनी एकत्र बसावे आणि एका करारावर सही करावी : या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्याचे क्रेडिट एकमेकांकडे आपोआप धरले जाईल, नाकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे लागेल, आणि सीमाभागातल्या मुलांना पात्रता प्रमाणपत्राची फी माफ असेल. त्यासोबत प्रत्येक महाविद्यालयात एक कायम ग्रंथपाल. दिल्लीच्या परवानगीची वाट पाहू नये. आणि इथे बसलेल्या पालकांना माझी विनंती : या दोन मागण्यांचे निवेदन आजच्या सभेनंतर दारात ठेवले आहे, त्यावर सही करूनच घरी जा.